संकेतस्थळावरचा आकडा नेमका कोणाला मोजतो?



आपल्या कामाला मदत करणारी मंडळी हल्ली एक नवा प्रश्न विचारू लागली आहेत. पूर्वी विचारत, वसतिगृहात मुली किती, दहावीला किती बसल्या, शिवणवर्गाचे काय झाले. आता त्यासोबत विचारतात, "तुमच्या वेबसाइटला महिन्याला किती भेटी?" प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसे दिले त्याला आपला निरोप किती लोकांपर्यंत पोहोचला हे कळायला हवे. फक्त हा आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असावे.

मोबाइल, ब्राउझर आणि त्यांची आकडेवारी हा माझा जुना छंद आहे. घरी त्यावरून पुष्कळ थट्टा होते. पण आपल्या वार्तापत्रात हा विषय घेण्याचे कारण छंद नाही. आपल्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर आहे, शासकीय आदिवासी वसतिगृहाचा प्रवेश ऑनलाइन आहे, जातीच्या दाखल्याचा अर्जही ऑनलाइन आहे. आदिवासी विकास विभागाचे आपल्या जिल्ह्यासाठीचे प्रकल्प कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जालन्यापासून साठेक किलोमीटरवर. भोकरदन किंवा मंठ्याकडच्या वस्तीवरून तिथे जायचे तर मजुरीचा एक दिवस बुडतो आणि एसटीचे भाडे वेगळे. त्यामुळे पान फोनवर उघडले की नाही, यावर वर्षाची फी ठरते. आणि कोणते पान कोणत्या फोनवर उघडले पाहिजे हे ठरवणारी माणसे पाहतात तीही अशीच आकडेवारी.

जुन्या काळी, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, पानाच्या तळाशी रिक्षाच्या मीटरसारखा एक काउंटर फिरत असे. "आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात." लोकांना त्याचे फार कौतुक. त्याच काळात 'हिट्स' हा शब्द रूढ झाला आणि त्याने पुष्कळ गोंधळ घातला. हिट म्हणजे माणूस नव्हे. पान उघडताना ब्राउझर सर्व्हरकडे जितक्या वस्तू मागतो, तितके हिट्स. एका पानावर दहा फोटो असतील तर पानाची एक आणि फोटोंच्या दहा अशा अकरा मागण्या, म्हणजे अकरा हिट्स. पंगतीत किती जण जेवले असे विचारल्यावर वाढलेल्या पोळ्या मोजून सांगाव्यात, तसा हा प्रकार. आजही एखादी संस्था "आमच्या साइटला लाखो हिट्स" असे छापते तेव्हा तिच्या पानावर फोटो किती आहेत ते आधी पाहावे.

पुढे मोजणी सुधारली. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट उपलब्ध करून दिले. आज आपल्यासारख्या लहान संस्था बहुधा तेच वापरतात. यात तीन शब्द भेटतात. पेज व्ह्यू, म्हणजे पान किती वेळा उघडले. सेशन, म्हणजे एका बैठकीत केलेले सगळे फिरणे. आणि युजर. हा तिसरा शब्द फसवा आहे. मराठीत आपण 'वापरकर्ता' म्हणतो आणि डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात पान पहिल्यांदा उघडले की ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक लहानशी चिठ्ठी ठेवली जाते. पुढच्या वेळी ती चिठ्ठी सापडली तर जुना पाहुणा, नाही सापडली तर नवा. म्हणजे मोजली जाते ती चिठ्ठी. एकच गृहस्थ सकाळी फोनवर, दुपारी ऑफिसच्या संगणकावर आणि रात्री मुलाच्या टॅबवर आपले पान पाहत असतील तर ते तीन युजर झाले.

शहरातल्या दात्याच्या बाबतीत आकडा असा फुगतो. वस्तीवरच्या माणसाच्या बाबतीत तो नेमका उलटा, आक्रसतो.

वस्तीवर एका घरात एक स्मार्टफोन असतो आणि तो बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात. त्याच फोनवर तीन भावंडे अभ्यास पाहतात, शेजारची मुलगी निकाल पाहते. अहवालात हे सगळे मिळून एक युजर. मुलींचे तर विचारायलाच नको. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांना साधा प्रश्न विचारला होता की, इंटरनेट कधी तरी वापरले आहे का? देशभरात ५७ टक्के पुरुषांनी हो म्हटले, स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी. महाराष्ट्रात हे प्रमाण पुरुषांत ६१ टक्क्यांच्या पुढे आणि स्त्रियांत ३८ टक्के. लक्षात घ्या, प्रश्न 'कधी तरी' असा होता. रोज वापरणे, स्वतःचा फोन असणे, ही पुढची गोष्ट.

अर्ज भरण्याचे खरे ठिकाण तर घराबाहेर आहे. तालुक्याच्या चौकात झेरॉक्सचे दुकान असते, त्यावर 'मल्टी सर्व्हिसेस' अशी पाटी. शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली की तिथे मुलांची रांग लागते. दुकानदार एकाच संगणकावर, एकाच ब्राउझरमध्ये, एकामागून एक शेकडो अर्ज भरतो. विद्यार्थ्याच्या नावाने अर्जांची नोंद वेगळी होते हे खरे, पण भेटींच्या हिशेबात ही सगळी रांग म्हणजे एक युजर, आणि तोही संगणकावरचा. अहवाल पाहणारा अधिकारी किंवा ठेकेदार म्हणतो, विद्यार्थी तर संगणकावरून अर्ज भरत आहेत, मग मोबाइलचे पान सुधारण्याची घाई कशाला?

यात आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणतो, पण मुलांना ती महागात पडते. सरकारी अर्ज फोनवर नीट दिसत नाही, बटणे कडेला निघून जातात, 'सबमिट' सापडत नाही. मग कोणी तरी दादा शिकवतो की क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाब आणि 'डेस्कटॉप साइट'वर टिक कर. अक्षरे मुंगीएवढी होतात पण अर्ज निदान पूर्ण दिसतो. आपल्याकडची बहुतेक कॉलेजची मुले हे करतात. आता आत काय घडते पाहा. ब्राउझर प्रत्येक वेळी सर्व्हरला आपली ओळख सांगतो: मी अमुक ब्राउझर, अमुक आवृत्ती, अमुक यंत्रावर. 'डेस्कटॉप साइट'वर टिक केली की अँड्रॉइडचा फोन स्वतःला लिनक्सचा संगणक म्हणवून घेतो. म्हणजे मोबाइलचे पान वाईट असल्यामुळे मुलांनी केलेली खटपटच साध्या मोजणीत 'संगणक वापरणारे वाढले' अशी दिसू शकते. रोग्याने दुखणे सोसायला दातओठ खाल्ले आणि वैद्याने लिहिले, रोगी हसतो आहे.

ब्राउझरच्या या ओळखपत्राची कथा मुळातच मजेशीर आहे. जगातला जवळजवळ प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख 'मोझिला' या शब्दाने सुरू करतो. नव्वदच्या दशकात नेटस्केपचे आतल्या गोटातले नाव मोझिला होते आणि चांगली पाने त्यालाच दाखवली जात. मग बाकीच्यांनीही तेच नाव लावायला सुरुवात केली, ती सवय आजतागायत आहे. २०२३ पासून क्रोमने फोनवरची ओळख आणखी आखडती घेतली. आता कोणताही अँड्रॉइड फोन असो, त्या ओळीत लिहिले जाते 'अँड्रॉइड १०' आणि फोनच्या नावाच्या जागी नुसते 'के'. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून हे केले, ते योग्यच आहे. पण सहा हजारांचा जुना फोन आणि साठ हजारांचा नवा फोन त्या ओळीवरून वेगळे ओळखता येत नाहीत, हा त्याचा दुसरा परिणाम.

आता नकाशा. अहवालात भारताचा नकाशा असतो आणि गावागावांवर ठिपके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, जालन्यावर ठिपका मोठा असेल. तो तसा नसतो. नकाशावरचे गाव हे इंटरनेटच्या पत्त्यावरून केलेला अंदाज असतो आणि मोबाइल डेटाचे पत्ते कंपनीच्या मोठ्या केंद्राशी जोडलेले असतात. परतूरच्या शेतात बसून उघडलेले पान मुंबईच्या किंवा पुण्याच्या नावावर दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. "तुमचे वाचक तर सगळे मुंबईचे आहेत," असे कोणी म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये. दिवाळीनंतर अंबड, घनसावंगीकडची कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तेव्हा त्यांचा फोनही त्यांच्याबरोबर जातो. वसतिगृहात राहिलेल्या मुलीच्या अर्जाचा ओटीपी मात्र त्या फोनवर, उसाच्या फडात पोहोचतो. तिथे रेंज असेल आणि बापाने फोन पाहिला तर दहा मिनिटांत आकडा मिळतो, नाही तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. या अर्धवट सुटलेल्या अर्जाला अहवालात एक सभ्य नाव आहे, 'सोडून गेलेला वापरकर्ता'. कोण कोणाला सोडून गेले हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

आणि भेटींतल्या सगळ्याच भेटी माणसांच्या असतात असेही नाही. शोधयंत्रे पाने वाचायला आपले स्वयंचलित प्रोग्रॅम पाठवतात, चोर कुलपे तपासायला पाठवतात, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्याही पाठवतात. इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीने २०२५ च्या अहवालात म्हटले की २०२४ साली इंटरनेटवरच्या रहदारीपैकी ५१ टक्के यंत्रांची होती. चांगली मोजणी यातले पुष्कळसे गाळून टाकते, सगळे नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडले काय? काय बिघडते याचे एक मोठे उदाहरण २०२० साली सगळ्या जगासमोर आले.

अनेक ब्राउझरमध्ये पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह असते. ते दिसावे म्हणून संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रे फुकट देते, म्हणून लहान संस्थांची असंख्य संकेतस्थळे तिच्यावर चालतात. फोनमध्ये विश्वासू सहीवाल्यांची एक यादी आधीपासून भरलेली असते. सही यादीतली असेल तर कुलूप दिसते, नसेल तर फोन 'हे ठिकाण सुरक्षित नाही' म्हणून वाट अडवतो. लेट्स एन्क्रिप्टची स्वतःची सही जुन्या अँड्रॉइडच्या यादीत नव्हती, ती दुसऱ्या एका मान्यवर संस्थेच्या सहीवर काम भागवत होती आणि ती सही सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले की जगातले ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन ७.१ या आवृत्तीपेक्षा जुने आहेत आणि त्यांच्यावर ही संकेतस्थळे अडखळू लागतील. त्याच निवेदनात पुढे होते की मोठ्या संकेतस्थळांच्या अनुभवानुसार या फोनांवरून येणारी रहदारी साधारण १ ते ५ टक्के आहे.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. फोन तिनात एक. भेटी शंभरात एक ते पाच. जुना फोन वापरणारा माणूस जगात आहे, भरपूर आहे, पण आकडेवारीत तो जवळजवळ नाही. त्याचा डेटा थोडा, बॅटरी टिकत नाही, साठवण भरलेली, पान उघडायला वेळ लागतो म्हणून तो कमी वेळा उघडतो. आणि कमी वेळा उघडतो म्हणून त्याच्यासाठी पान हलके करण्याची गरज कोणाला दिसत नाही. लेट्स एन्क्रिप्टने मात्र तेव्हा 'एक ते पाच टक्केच तर आहेत' असे म्हणून विषय संपवला नाही. सुमारे दीड महिन्यात तोडगा काढून जुन्या फोनांना आणखी सुमारे तीन वर्षे मिळवून दिली. ती मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली.

आपल्या जिल्ह्याला टक्क्यांचा हा खेळ चांगला परिचयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांच्या आसपास होती आणि अनुसूचित जमातींचा वाटा दोन टक्क्यांच्या थोडा वर. राज्यात तो नऊ टक्क्यांहून अधिक आहे. त्यामुळे 'आदिवासी जिल्हा' म्हटले की नंदुरबार, गडचिरोली, पालघर आठवतात. जालना म्हटले की बियाणे, सळई आणि मोसंबी. पण दोन टक्के म्हणजे चाळीस हजारांवर माणसे, भिल्ल, पारधी आणि इतर, आठही तालुक्यांत थोडी थोडी विखुरलेली. टक्केवारीच्या तक्त्यात ती रेघ इतकी बारीक दिसते की तिच्यावर नजर ठरत नाही.

आकडा उलटा कसा बोलतो याचे दुसरे उदाहरण यूट्यूबचे. क्रिस झकारायस नावाचा अभियंता तेव्हा तिथे होता. २००९ च्या सुमारास त्याने व्हिडिओचे पान हलके करायचे ठरवले. १.२ मेगाबाइटचे पान खटपट करून ९८ किलोबाइटवर आणले, म्हणजे बारा पोत्यांचे ओझे एका पोत्यावर. मग काही लोकांना ते नवे पान दाखवून पान उघडण्याचा सरासरी वेळ मोजला, तर तो कमी होण्याऐवजी वाढला! सगळे चक्रावले. नकाशा पाहिल्यावर उलगडा झाला. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आग्नेय आशिया, सायबेरिया इथले लोक अचानक येऊ लागले होते. पूर्वी त्यांच्याकडे पान उघडायला वीस मिनिटांहून अधिक लागत, म्हणून ते येतच नव्हते. आता दोन मिनिटांत उघडू लागले, म्हणून आले, आणि त्यांच्या दोन-दोन मिनिटांनी सरासरी बिघडली. सरासरी बिघडली ती काम चांगले झाल्यामुळे. झकारायसने हा अनुभव २०१२ साली लिहून ठेवला आहे. माझ्या मते संकेतस्थळे बनवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, सरकारी ठेके घेणाऱ्यांनी तर दोनदा.

आपल्या हातात यातले काय आहे? पोर्टल आपण बदलू शकत नाही. आपले स्वतःचे पान बदलू शकतो. कार्यक्रमाचे फोटो मोबाइलवरून जसेच्या तसे चढवले तर एकेक फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. असे दहा फोटो म्हणजे एका पानासाठी तीस-चाळीस मेगाबाइट. तोच फोटो लहान करून शंभर किलोबाइटमध्ये सुबक दिसतो, हे काम फोनवरच दोन मिनिटांत होते. प्रवेशाची सूचना कागदावर लिहून, तिचा फोटो काढून तो टाकू नये. युनिकोड मराठीत टाइप करावी. मग ती शोधात सापडते, मोठी करून वाचता येते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला फोन वाचून दाखवू शकतो. आपले कितीतरी जुने अंक जुन्या फाँटमध्ये अडकले आहेत. पडद्यावर मराठी दिसते पण शोधयंत्राला तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ते अंक बदलून घेण्याचे काम वेळखाऊ आहे, सुट्टीत कॉलेजची मुले ते करू शकतील.

तपासणी कशावर करायची, तर ऑफिसच्या संगणकावर नाही. वसतिगृहात ज्याचा फोन सर्वात जुना आणि काच तडकलेली, त्याच्यावर, आणि वायफाय बंद करून. माझ्या पाहण्यात साध्या जिओफोनवरही, २.४ इंचाच्या पडद्यावर, बाण दाबत दाबत निकाल पाहणारी मुले आहेत. त्यांना उघडले म्हणजे उघडले.

राहिला दात्यांना द्यायचा आकडा. भेटींचा आकडा जरूर द्यावा, हिट्सचा देऊ नये. युजर लिहिताना 'इतकी उपकरणे' असे लिहिले तर ते खरे ठरते. या वार्तापत्राची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांतून फिरते, मंडळीत आणि शिक्षकांच्या ग्रुपवर जाते, ती कोणत्याच अहवालात येत नाही हेही सांगावे. आणि त्याच्या शेजारी हाताने मोजलेला एक साधा तक्ता असावा: या तिमाहीत किती मुलांचे अर्ज आपल्याकडे बसून भरले, त्यांतले किती पहिल्या खेपेत गेले, किती ओटीपीसाठी अडकले, किती जणांना मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात पैसे मोजावे लागले. वसतिगृहाच्या दारात एक वही आणि पेन ठेवले की हा तक्ता तयार होतो. पुढच्या अंकापासून तो इथे छापावा अशी सूचना मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडली आहे. ज्यांच्या पाहण्यात अर्ज नेमका कोणत्या पायरीवर अडतो हे आले असेल त्यांनी फोनचे नाव आणि पडद्याचा फोटो ऑफिसला पाठवावा. फोटोवर मुलाचा आधार क्रमांक दिसत असेल तर तो आधी झाकावा.